लाखेची मोहर ते हॅश : मराठवाड्यातून पाहिलेला पुराव्याचा इतिहास

फिर्याद, जबाब, मुद्देमाल, रोजनामचा, पंचनामा. पोलीस ठाण्यातले हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि इंग्रजी कायदा आल्यावरही जागचे हलले नाहीत. परभणी जिल्ह्यात त्यांची मुळे आणखी खोल आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली वेगळा निघाला. सरकारे बदलली, नकाशे बदलले. ठाण्यातला मुद्देमाल मुद्देमालच राहिला.

बदलले ते त्या खोलीतले सामान. कुऱ्हाड, काठी, रक्ताचे डाग पडलेले धोतर यांच्या शेजारी आता मोबाइल, सिमकार्ड, पेन ड्राइव्ह आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर येऊन बसला आहे. कुऱ्हाड कापडात गुंडाळून, सुतळीने बांधून, लाखेची मोहर लावून ठेवली की काम भागते. दहा वर्षांनी उघडली तरी ती कुऱ्हाडच असते. मोबाइलचे तसे नाही. तो चालू राहिला तर कपाटातल्या कपाटातही बदलत राहतो. त्यात नवा निरोप येतो, जुना पुसला जातो, कोणी दुरून त्यातले सगळे साफही करू शकतो. लाख बाहेरून शाबूत आणि आतला ऐवज वेगळाच, हे आता शक्य आहे.

डिजिटल पुराव्यावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा नव्याच्या नवलाईने लिहिले जाते. माझा रोख जरा निराळा आहे. न्यायालय यंत्राला जो प्रश्न विचारते तो जुनाच आहे : तुझी हमी कोण देतो? हा प्रश्न माणसांना विचारण्यात आणि मग यंत्रांना विचारण्यात मराठवाड्याच्या दोन खटल्यांचा वाटा मोठा आहे. पहिला परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा आणि दुसरा शेजारच्या जालन्याचा.

मानवत : माणसाची साक्ष, माणसाची हमी

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात मानवत परिसरात दहा खून झाले. बळी सगळ्या स्त्रिया आणि मुली होत्या. शेवटचे तीन खून एकाच दिवशी झाले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या लोभातून नरबळी दिले गेले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. तपासासाठी मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना धाडण्यात आले. त्या तपासावर पुढे पुस्तके लिहिली गेली, २०२४ मध्ये मालिकाही आली. त्यामुळे कथा बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्यातला पुराव्याचा भाग मात्र दुर्लक्षित राहिला.

त्या तपासाच्या हाताशी काय होते, हे आठवून पाहावे. डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सापडायला अजून दहा वर्षे होती. ते साल १९८४. मोबाइल नव्हते, कॅमेरे नव्हते. बोटांच्या ठशांचे शास्त्र होते आणि ते तर आपल्याच देशात वाढलेले. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल याने एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांच्या वर्गीकरणाला हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले, पण त्यामागचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांनी बसवले होते. मानवतच्या शेतांत आणि ओढ्याकाठी मात्र खटला उभा राहिला तो मुख्यतः माणसांच्या बोलण्यावर : माफीचे साक्षीदार आणि कबुलीजबाब.

माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यातलाच भागीदार. त्याच्या शब्दावर कोणाला फासावर द्यायचे का? १९७७ मध्ये दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत गेला. न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालात या प्रश्नाचा ऊहापोह आहे. कायद्याच्या अक्षराप्रमाणे अशा साक्षीदाराच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा देता येते. पण शहाणपणाचा नियम असा की त्याच्या बोलण्याला दुसरीकडून दुजोरा हवा, आणि तो दुजोरा नेमक्या आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा हवा. या खटल्यात जे मुख्य म्हणून उभे केले होते ते दोन आरोपी अखेरीस निर्दोष सुटले.

त्याच निकालात आणखी एक सूत्र आहे, आणि माझ्या विषयाला तेच महत्त्वाचे. कबुलीजबाब नोंदवताना दंडाधिकाऱ्याने ठरलेली पद्धत पाळली नाही, तर तेवढ्याने तो जबाब पुराव्यातून बाद होत नाही. तो स्वेच्छेने दिला का, खरा आहे का, हे मात्र तपासले पाहिजे. म्हणजे माणसाच्या बाबतीत कागदोपत्री चूक सावरता येते. यंत्राच्या बाबतीत तीच न्यायसंस्था काही वर्षांनी नेमके उलटे म्हणणार होती.

टेप : यंत्र पहिल्यांदा साक्षीला

यंत्राचा आवाज आपल्या न्यायालयांत आधी मुंबईतून घुमला. लाचलुचपतीच्या एका खटल्यात खोलीत ध्वनिग्राहक दडवून संभाषण टिपले होते. युसुफअली नगरी खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले आणि टेपची तुलना छायाचित्राशी केली. पुढे मलकानी खटला आला. मुंबईच्या कोरोनरवर लाच मागितल्याचा आरोप होता. ऑक्टोबर १९६४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक खात्याच्या अधिकाऱ्याने एका डॉक्टरच्या दूरध्वनीला टेपरेकॉर्डर जोडून बोलणे नोंदवले. सप्टेंबर १९७२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. मानवतचा पहिला खून त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झाला. एकाच साली मुंबईत यंत्र साक्षीदार झाले होते आणि मानवतेत पोलीस माफीच्या साक्षीदारांकडे वळणार होते. राज्य एक, कायदा एक, साधने मात्र दोन युगांतली.

टेपवर विश्वास ठेवताना न्यायालये भाबडी नव्हती. १९७२ च्या निवडणुकीतली मुंबईची भाषणे पोलिसांनी टेप केली होती. त्यावरून गाजलेल्या बुखारी खटल्यात १९७५ साली अटी घातल्या गेल्या : आवाज ओळखला गेला पाहिजे, नोंद बरोबर आहे हे नोंदवणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे, फेरफाराची शक्यता नाहीशी झाली पाहिजे. १९८५ मध्ये राम सिंह खटल्यात आणखी एक भर पडली. कॅसेट काळजीपूर्वक मोहोरबंद करून सुरक्षित ताब्यात ठेवलेली असावी. लाखेची मोहर पुन्हा आली, या वेळी प्लॅस्टिकच्या डबीवर.

एका दाखल्याची गोष्ट

१८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने रचला. त्यात संगणक कुठून असणार? माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याने जुन्या कायद्यात कलम ६५-ब घातले. संगणकातून काढलेली प्रत पुरावा म्हणून हवी असेल, तर त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या जबाबदार माणसाचा दाखला सोबत हवा, असे त्याचे सार. हे कलम मुळात इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यावरून घेतलेले. गंमत अशी की इंग्लंडने ते १९९५ मध्येच मोडीत काढले होते. पाच वर्षांनी आपण ते घरात आणले.

पुढची वीस वर्षे न्यायालये या दाखल्याशी झगडत राहिली. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्ये ठरले की दाखला नसला तरी फोनचे तपशील इतर मार्गाने सिद्ध करता येतील. केरळमधल्या एका निवडणूक खटल्यात, अन्वर प्रकरणात, १८ सप्टेंबर २०१४ रोजी ते फिरवले गेले : दाखला नाही तर पुरावा नाही. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात पुन्हा सैल झाले. देशभरातल्या ठाण्यांतले तपासी अंमलदार सीडी जोडत होते, दाखला विसरत होते आणि खटल्यांत त्याची किंमत मोजत होते.

निर्णायक प्रकरण आले ते आमच्या शेजारून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा की २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत संपल्यानंतर उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत आत-बाहेर कॅमेरे होते, तेव्हा खरे काय ते चित्रफितीतच होते. पण त्या फितीचा दाखला द्यायला अधिकारी तयार नव्हते. अर्जदारांनी वारंवार मागूनही तो मिळाला नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीलाच दाखल्याची जागा दिली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने अन्वरचाच नियम कायम केला : मूळ यंत्र न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी, अन्यथा दाखला अनिवार्य. मात्र ज्याने दाखल्यासाठी शक्य ते सगळे केले आणि ज्याच्या हातात तो नव्हताच, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. त्याच निकालात मोबाइल कंपन्यांना आदेश दिला गेला की तपासात एखाद्या क्रमांकाच्या नोंदी जप्त झाल्या, तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या काढून जपून ठेवाव्यात. त्या नोंदी तेव्हा वर्षभर ठेवण्याचे बंधन होते. डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत दोन वर्षे झाली. खटले मात्र त्याहून सावकाश चालतात.

मानवत आणि जालना शेजारी ठेवले की आधी म्हटलेला विरोध उघड होतो. माणसाच्या कबुलीतली कागदी चूक भरून निघते, यंत्राच्या प्रतीतली निघत नाही. हा हेका वाटतो खरा. पण इंग्लंडने दाखल्याची अट फौजदारी खटल्यांतूनही काढून टाकली आणि संगणक बरोबरच चालतो असे गृहीत धरले, त्याचे काय झाले ते पाहावे. तिथल्या टपाल खात्याच्या होरायझन या हिशेबप्रणालीत दोष होते. प्रणाली तूट दाखवी आणि ती चोरी ठरून गावोगावच्या टपाल कचेऱ्या चालवणाऱ्या ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काही देशोधडीला लागले. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि सरसकट शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. दाखल्याचा कंटाळा आला की मला हे टपालवाले आठवतात.

वेळ, पत्ता आणि पैसा

तपास प्रत्यक्षात कसा चालतो, हे एका साध्या फसवणुकीवरून समजून घेता येईल. सेलू किंवा गंगाखेडच्या शेतकऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाने एक फाइल येते. तो ती उघडतो, फोनचा ताबा दुसरीकडे जातो आणि कापसाचे आलेले पैसे खात्यातून निघून जातात.

पहिली धावपळ पैशामागे असते. १९३० या क्रमांकावर तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला निरोप जातो आणि शिल्लक रक्कम गोठवली जाते. पण चोर पैसा एका खात्यात ठेवत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तो तासाभरात चार-पाच ठिकाणी फिरतो आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो. म्हणून पहिले काही तास हेच सर्वस्व. शेतकऱ्याला संध्याकाळी बँक बंद झाल्यावर कळले आणि दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला गेला, तर हाती फक्त फिर्यादीची प्रत राहते.

दुसरा माग पत्त्याचा. इंटरनेटवरचा प्रत्येक व्यवहार एका आयपी पत्त्यावरून होतो. पण आपल्याकडे मोबाइलवरचे शेकडो ग्राहक एकाच वेळी एकच पत्ता वाटून घेतात. म्हणून कंपनीला नुसता पत्ता विचारून चालत नाही, सोबत पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ द्यावी लागते. परदेशी कंपन्या वेळ जागतिक प्रमाणाने कळवतात. आपले घड्याळ त्यापुढे साडेपाच तास. हे साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर रात्री दहाची नोंद दुपारी साडेचारची ठरते आणि पोलीस भलत्याच माणसाच्या दारात उभे राहतात. एका बेरजेच्या चुकीने कोणी निरपराध कोठडीत जाऊ शकतो, हे या तपासाचे खरे ओझे आहे.

ते पेलायचे कोणी? मूळ कायद्यात असा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नव्हता. २००९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने तो निरीक्षकापर्यंत खाली आणला. तरीही फिर्याद लिहून घेणारा, मोबाइल ताब्यात घेणारा, पंच बोलावणारा बहुधा साधा अंमलदारच असतो. फोन आधी विमान मोडवर टाकायचा की बंद करायचा, संगणकाची वायर उपटायची की नाही, हे त्या पाच मिनिटांत त्याला ठरवावे लागते. तिथे चूक झाली तर पुढे नांदेडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला तज्ज्ञही ती दुरुस्त करू शकत नाही.

नीट झालेला तपास कुठवर जातो, याचे उदाहरण पुण्याचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसून ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, भारतातही निघाले. वर १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळवले गेले. घुसणारे समुद्रापार होते, त्यांच्यापर्यंत हात पोहोचणे अवघड. पण एटीएमसमोर कार्ड घेऊन उभी राहिलेली माणसे इथलीच होती, कॅमेऱ्यात होती, त्यांचे फोन मनोऱ्यांच्या नोंदीत होते. पुणे पोलिसांनी ती गाठली आणि एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली. गुन्हा आभाळातून पडला तरी त्याचे एक टोक जमिनीला लागतेच. पोलीस तेच टोक धरतात, आणि ही रीत पावलांचे ठसे पाहणाऱ्या पागीइतकीच जुनी आहे.

नवी लाख

१ जुलै २०२४ पासून स्टीफनचा कायदा गेला आणि भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यातल्या कलम ६३ च्या दाखल्याचे दोन भाग आहेत : एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत एक रकाना आहे हॅशचा. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या अक्षर-अंकांवरून गणिताने काढलेली एक ठरावीक लांबीची ओळ. एसएचए-२५६ या रीतीने ती ६४ चिन्हांची निघते. शंभर पानांच्या मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. जप्तीच्या वेळी काढलेली आणि न्यायालयात काढलेली ओळ जुळली, तर मधल्या काळात ऐवजाला हात लागलेला नाही. ही नवी लाख. जुन्या लाखेपेक्षा पक्की, कारण ती गरम चाकूने उचलून परत चिकटवता येत नाही.

पण लाख एवढेच सांगते की मोहर लावल्यापासून काही बदलले नाही. मोहर लावण्याआधी ऐवज तिथे कसा आला, हे ती सांगत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीतून एक लॅपटॉप जप्त केला. त्यातल्या फाइली दुरून घुसवलेल्या होत्या, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीतून फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो अमान्य केला. खरे-खोटे न्यायालय ठरवील. प्रश्न मात्र सगळ्यांपुढे ठेवला गेला आहे : यंत्रात सापडले म्हणजे मालकाने ठेवले, असे किती काळ मानायचे? रानात सापडलेल्या कुऱ्हाडीबद्दल आपण असे मानत नाही.

नव्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. दोन पंचांच्या सह्यांना कॅमेऱ्याची तिसरी सही जोडली गेली. पंच हा आपल्या तपासाचा कायम दुबळा दुवा. कोण कुठला माणूस, सही करून जातो आणि पाच वर्षांनी न्यायालयात फितूर होतो. कॅमेरा फितूर होत नाही. फार तर ऐन वेळी बंद असतो.

तो बंद नसावा, यासाठीही कायदा आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. परभणीला त्याचा अर्थ फार जवळून कळला. १० डिसेंबर २०२४ रोजी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एरवी नागरिकाचा फोन तपासणारी यंत्रणा इथे स्वतः तपासाचा विषय झाली. अशा वेळी ठाण्याच्या चित्रफितीलाही तोच दाखला, तोच हॅश, तीच जपणूक लागू व्हायला हवी. पुरावा जपण्याचा नियम आरोपीसाठी एक आणि ठाण्यासाठी दुसरा असून चालत नाही.

मानवतच्या काळी न्यायालयाने विचारले होते की या माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला आधार कोणाचा. जालन्याच्या वेळी विचारले की या चित्रफितीला हमी कोणाची. दोन्ही वेळा उत्तर म्हणून शेवटी एक माणूसच लागला, आपले नाव घालून सही करणारा. हॅश गणित करील, कॅमेरा चित्र देईल. पण घड्याळात साडेपाच तास मिळवले की नाही, फोन वेळेत विमान मोडवर टाकला की नाही, दाखल्यावर खरे लिहिले की नाही, हे ठाण्यातला तो अंमलदारच ठरवतो. जिल्ह्याने त्याच्या शिकवण्यावर आणि त्याच्या सचोटीवर किती खर्च केला, यावर सेलूच्या शेतकऱ्याचे पैसे अवलंबून आहेत, आणि भलत्याच दारावर पडणारी थापही.